तळाची नोंद

वाशीम तालुक्यातल्या काटा गावाच्या परिसरात पडणारा पाऊस दोन समुद्रांच्या वाट्याला जातो. काटेपूर्णेत उतरलेलं पाणी पूर्णा आणि तापीतून अरबी समुद्राला मिळतं. पूस नदीत उतरलेलं पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा वाटेनं बंगालच्या उपसागरात जातं. दोन्हीकडे पाणी वाहून जाणाऱ्या या जिल्ह्यात ते थांबतं आडात, विहिरीत, बारवेत, तळ्यात. इथे जहाज कधी बुडालं नाही. जे बुडालं ते घरातलं आणि शेतातलं होतं.

कॅनडाच्या उत्तरेला, बर्फाच्या समुद्रात, ‘एरेबस’ नावाचं ब्रिटिश जहाज तळाशी बसलेलं आहे. फ्रँकलिन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या मोहिमेसाठी १८४५ साली निघालेल्या दोन जहाजांपैकी हे एक. त्या मोहिमेतली १२९ माणसं परत आली नाहीत. जहाज सापडलं सप्टेंबर २०१४ मध्ये, सुमारे ११ मीटर पाण्यात. गोठणबिंदूला टेकलेल्या त्या पाण्यात पाणबुडे वर्षातले मोजके आठवडेच उतरू शकतात. थंडीपासून वाचवणारा पोशाख असतो, श्वासासाठी हवेची सोय असते. खाली गेल्यावर ते आधी यादी करतात. कोणती वस्तू, कुठे, कोणत्या बाजूला कललेली. उचलायचं की नाही, ते नंतर ठरतं.

अकरा मीटर ही आपल्याकडच्या एखाद्या जुन्या विहिरीची खोली आहे. तिथेही यादी आधी व्हायला हवी. खालच्या नोंदी त्यासाठी.

परस

विहिरीची खोली परसात सांगायचे. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या बोटांपर्यंतची उंची म्हणजे एक परस, साधारण सात फूट. दोर मोजायचा तो वावेत, दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत. समुद्राची खोली घेणारे खलाशीही शिसं बांधलेला दोर पाण्यात सोडत आणि तो असाच पसरल्या हातांनी मोजत. ‘पाणी दोन परस आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला धोका लगेच कळायचा. तळाला पाय टेकले तरी वर केलेला हात पाण्याबाहेर येणार नाही.

बोअरवेल फुटात मोजतात, कारण पैसे फुटामागे द्यायचे असतात. त्या अरुंद छिद्रात माणूस मावत नाही, म्हणून तिथे माणसाचं मापही चालत नाही.

उंबराचं कडं

वरची माती भुसभुशीत असली की विहिरीच्या बांधकामाखाली लाकडाचं गोल कडं बसवत. त्यासाठी लाकूड उंबराचं किंवा जांभळाचं. उंबराचं लाकूड जमिनीवर टिकत नाही, त्याला लवकर कीड लागते. पाण्याखाली मात्र तेच वर्षानुवर्षं राहतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि पाण्याखालच्या गाळात ती जवळजवळ नसते.

स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेचं लाकूड याच कारणानं टिकलं. ती नौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली आणि २४ एप्रिल १९६१ रोजी वर आली. ३३३ वर्षांनी. बाल्टिक समुद्र थंड आहे आणि त्याचं पाणी इतकं कमी खारट आहे की जहाजाचं लाकूड पोखरणारा किडा तिथे जगत नाही. आपल्याकडच्या उबदार समुद्रात तो जगतो. गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी सतराव्या शतकातलं पोर्तुगीज काळातलं जहाज बुडालेलं आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांच्या हाती तिथे तोफा, हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, मातीच्या रांजणांचे तुकडे लागले. किड्याच्या तोंडातून सुटतं ते एवढंच.

‘वासा’ वर काढल्यावर खरं काम सुरू झालं. लाकूड वाळू दिलं असतं तर ते आक्रसून फाटलं असतं. म्हणून १७ वर्षं त्यावर मेणासारख्या रसायनाचे फवारे मारत राहिले.

आपल्या कड्यावर कोणी फवारे मारत नाही. विहीर उन्हाळ्यात कोरडी पडते, पावसाळ्यात भरते, पुन्हा कोरडी पडते. लाकूड सतत भिजलेलं राहिलं तर टिकतं, सतत कोरडं राहिलं आणि कीड लागली नाही तरी बरंच टिकतं. आलटून पालटून भिजणं आणि वाळणं त्याला सोसत नाही. कडं खचलं की वरचे चिरे सुटतात, आणि लोक म्हणतात विहीर जुनी झाली.

गळ

लोखंडी कडीला चारही बाजूंनी आकडे. लोहारानं घडवलेला. गल्लीत एखाद्याच घरी असायचा, वापर सगळ्यांचा. बालटी सुटून पडली की गळाला दोर बांधायचा, तो तळापर्यंत सोडायचा आणि सावकाश ओढत भिंतीच्या कडेनं फिरवायचा. आकडा कडीत अडकला की हाताला दोरातून कळतं. दगडाचा अडथळा वेगळा लागतो, धातूचा वेगळा.

गळाला हवी ती वस्तू पहिल्यांदाच लागेल असं नसे. कोणाचा जुना पोहरा यायचा, कुजलेलं चऱ्हाट यायचं. ते काठावर ठेवून ‘हे कोणाचं?’ म्हणून विचारलं जायचं. विहिरीत गेलेली वस्तू गेली असं कोणी धरत नव्हतं. ती पाण्याकडे ठेवीला होती.

आरसा

वाशीम विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांवर आहे. सूर्य इथे वर्षातून दोनदाच नेमका डोक्यावर येतो, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात. मे महिन्यात पाणी सर्वांत कमी असतं आणि ऊन सरळ खाली पडतं. विहिरीचा तळ दिसायचा तो याच दिवसांत, दुपारच्या थोड्या वेळापुरता. गाळ काढण्याचा हंगामही हाच.

इतर दिवशी काठावर एकजण आरसा धरायचा. उन्हाचा कवडसा पाण्यावर टाकायचा, हळूहळू तळावर फिरवायचा. दुसरा वाकून पाहायचा. पितळ लगेच चमकतं, तांबं उशिरा, लोखंड दिसतच नाही. पाणी निवळ असेल तरच हे जमतं. आता कित्येक विहिरींच्या पाण्यावर शेवाळाची आणि प्लॅस्टिकची साय आहे. आरसा घरात आहे, कवडसा पाण्यात उतरत नाही.

नाव घातलेली कळशी

लग्नात आलेल्या भांड्यावर नाव घालून घेत. देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं, गावाचं, तारखेचं. बारीक छिन्नीनं ठोकत ठिपक्याठिपक्यांनी उमटवलेली अक्षरं. भांडी बाजारात आणि जत्रेत हे काम करणारा माणूस बसलेला असे. स्टीलवर मशीननं नाव घालणारे आले, पुढे नाव घालणंच कमी झालं.

बुडालेल्या जहाजाची ओळख पाणबुडे त्याच्या घंटेवरून पटवतात. ‘एरेबस’ची घंटा २०१४ मध्ये वर आणली, तिच्यावर १८४५ हे साल आहे. विहिरीच्या गाळातली कळशीही अशीच बोलते. कोणाची मुलगी कोणत्या गावाहून इथे आली, कोणत्या साली, कोणी आहेर केला.

वाशीमला तांब्यावरच्या अक्षरांचं मोल नव्यानं सांगायला नको. १९३९ मध्ये इथे सापडलेल्या ताम्रपटानं वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती उजेडात आला, आणि वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म, म्हणजे याच वाशीमातून, राज्य करत होती हे इतिहासाला कळलं. तो पत्रा कोणी वितळवला असता तर एक राजघराणं अंधारात राहिलं असतं. गाळातून निघालेली कळशी आज मोडीत जाते, किलोच्या भावानं.

बुडी मारणारा माणूस

गळाला यश आलं नाही की त्याला बोलावणं जाई. भोई समाजातला कोणी, किंवा गावातला पट्टीचा पोहणारा. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या विश्वासाच्या माणसाच्या हातात. दम धरून खाली जायचं.

दहा मीटर खोलीवर अंगावरचा दाब काठावरच्या दुप्पट होतो. छातीतली हवा निम्म्या जागेत दबते, कान ठणकतात. नाक चिमटीत धरून कानात हवा सोडायची, हे त्याला कोणत्या पुस्तकानं सांगितलेलं नव्हतं. तळाशी गेल्यावर पाय हलवायचा नाही, गाळ उसळला की पुढचं काही दिसत नाही. फक्त हात फिरवायचा. थंड समुद्रातल्या जहाजात शिरणाऱ्या पाणबुड्यांनाही हाच नियम पहिल्यांदा शिकवतात.

पाठीवर हवा घेऊन मोकळेपणानं पाण्याखाली राहण्याचं यंत्र कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलं. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या विहिरींत माणसं एका श्वासावर हे काम करत होती. कळशीसाठी, अंगठीसाठी आणि कधी कधी बुडालेल्या माणसासाठी. शेवटचं काम आता बचाव पथकं करतात. अकोला जिल्ह्यातल्या पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन पथक त्यासाठी ओळखलं जातं. कळशीसाठी बुडी मारणारा मात्र राहिला नाही, कारण कळशीसाठी कोणी बोलावत नाही.

कंदील

गाळ काढायला उतरण्याआधी पेटता कंदील दोरानं खाली सोडत. ज्योत मंदावली किंवा विझली तर कोणी उतरायचं नाही. हवेपेक्षा जड वायू तळाशी साचतो आणि वरून काही दिसत नाही. मग लिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून वरखाली करायच्या, बादल्यांनी पाणी ओतायचं, हवा हलवायची, पुन्हा कंदील सोडायचा.

कंदील घरातून गेला तशी ही रीतही गेली. बंद पडलेल्या विहिरीत मोटर काढायला एकजण उतरतो, तो का बोलत नाही म्हणून दुसरा उतरतो, त्याच्या मागे तिसरा. अशी बातमी आजही वर्तमानपत्रात येते. कंदिलाला सगळेच विषारी वायू कळत नाहीत, म्हणून आता वायू मोजणारं यंत्र हवं आणि कमरेला दोर हवा. पण उतरण्याआधी थांबून हवा तपासायची, ही शिस्त कंदिलानं लावली होती. या यादीतली ही गोष्ट हरवू देणं जिवावर बेततं.

भोपळा

पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधत. नंतर तेलाचा झाकणबंद डबा आला, त्यानंतर ट्यूब. काठावर मोठी माणसं असत. सूर मारणारे, मुटका मारणारे, भिंतीतून पुढे काढलेल्या चिऱ्यांना धरून वर चढणारे. त्या चिऱ्यांवर पाय कसा ठेवायचा हेही तिथेच शिकायचं.

आता मुलांना जवळ असतं ते शेततळं. त्याच्या उतारावर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. पाणी जिरत नाही हा त्याचा गुण, पाय टिकत नाही हा त्याचा धोका. ओल्या कागदावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेततळ्याच्या कडेला गाठी मारलेला दोर आणि चारी बाजूंनी कुंपण असायलाच हवं.

नाडा, सोल, थारोळं

मोट चामड्याची. तोंडाला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा, सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोल. बैल धावेवरून उतरत जायचे, मोट वर यायची, सोंड थारोळ्यात पाणी ओतायची, तिथून ते पाटानं वाफ्यात. मोट शिवणारा, नाडा वळणारा, चाक घडवणारा, बैल हाकणारा, पाणी वळवणारा, एवढ्या हातांचं काम एका बटणावर आलं. बैलांचे कष्ट संपले, ते चांगलंच झालं.

राहिल्या त्या दगडावरच्या खुणा. काठाच्या चिऱ्यावर दोर घासून पडलेली खाच बोटानं चाचपता येते. खाच जितकी खोल, तितकी वर्षं त्या विहिरीनं रान भिजवलं. ज्या विहिरीचा कागद नाही, तिचं वय सांगणारा पुरावा हाच आहे. विहीर बुजवताना काठाचे चिरे आधी उचलतात, कारण ते घराच्या पायाला कामी येतात.

पायऱ्या आणि नारू

बारवेला, पायविहिरीला पाण्यापर्यंत उतरत्या पायऱ्या असतात. पाणी कमी झालं की माणूस आणखी चार पायऱ्या खाली जायचा, पाण्याला हात लावून घ्यायचा.

त्याच पायऱ्यांवरून नारू आला. रोग्याच्या पायाला फोड यायचा. तो पाय पाण्यात बुडाला की जंताची पिल्लं पाण्यात पडायची, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलपिसवांच्या पोटात वाढायची आणि न गाळता प्यायलेल्या पाण्यातून दुसऱ्याच्या अंगात शिरायची. वर्षभरानं हातभर लांबीचा जंत कातडी फोडून बाहेर यायचा, तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागायचा. देशात १९८३-८४ पासून नारू निर्मूलनाचा कार्यक्रम चालला. पाणी फडक्यानं गाळा, पायविहिरी बंद करा, पायऱ्यांऐवजी काठावरून दोरानं पाणी काढा. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

नाहीशा झालेल्या गोष्टींच्या यादीत नारू आहे याचा आनंद मानावा. तो गेल्यावर पायऱ्या पुन्हा मोकळ्या करता आल्या असत्या. बुजलेल्या तशाच राहिल्या. जिथे बारव उरली आहे, तिथे उतरून साफसफाई आणि मोजमाप करणारी माणसं आता पुढे येत आहेत. महाराष्ट्र बारव मोहीम हे त्यातलं मोठं काम आहे.

सात दगड

पाण्याच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड म्हणजे साती आसरा. बाळंतीण उठली की विहीर पुजायला जायची. हळदकुंकू, खण, नारळ, बांगड्या. ओटीतल्या काही वस्तू पाण्यात सोडायच्या. विहिरीच्या गाळात काचेच्या बांगड्यांचे तुकडे सापडतात ते यामुळे. पोरं एकटी विहिरीवर जाऊ नयेत, तिन्हीसांजेला कोणी पाण्यात उतरू नये, हे या सातजणींच्या धाकानं साधायचं.

विहीर बुजली तरी दगड टाकवत नाहीत. ते उचलून झाडाखाली ठेवतात. पाण्याच्या देवता पाण्यावाचून राहतात.

तीर्थं

वाशीममध्ये १०८ तीर्थं होती अशी परंपरा आहे. त्यांपैकी पद्मतीर्थाचं दगडी कुंड शहराच्या उत्तरेला आहे. बालाजीच्या देवळालगतचं देवतळंही लोकांच्या ओळखीचं आहे. उरलेल्यांपैकी किती आज पाणी धरून आहेत, किती घराखाली गेली, किती नुसत्या नावानं उरली, हे घरोघरी विचारत, नकाशावर खुणा करत लिहून काढायला हवं. ते काम एखाद्या कॉलेजच्या वर्गाला एका हिवाळ्यात जमेल.

मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती आहे. आख्यायिका अशी की ती पाण्यात ठेवलेली होती. कोड झालेल्या राजानं त्या पाण्यात हात धुतले, त्याचं कोड गेलं, आणि मग मूर्ती वर काढली गेली. पाण्याच्या पोटात काहीतरी आहे आणि ते जपून वर आणायचं असतं, ही गोष्ट या जिल्ह्यानं श्रद्धेनं जपलेली आहे.

गाळ

दरवर्षी गाळ निघायचा तेव्हा तळ मोकळा व्हायचा. जिथे तो निघायचा थांबला, तिथे वस्तू थरावर थर बसत गेल्या. सगळ्यांत वर प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, मोटरच्या वायरी. त्याखाली पत्र्याची बादली. त्याखाली पितळ आणि तांबं. त्याखाली मडक्याची खापरं, मोटेच्या कड्या, बैलाच्या गळ्यातली घंटी. जमिनीवर उत्खनन करणारे ज्या क्रमानं काळ वाचतात, तोच क्रम इथे आहे, फक्त गोल आणि अरुंद.

युनेस्कोनं २ नोव्हेंबर २००१ रोजी पाण्याखालच्या वारशासाठी करार केला. माणसाच्या वावराच्या ज्या खुणा किमान शंभर वर्षं पाण्याखाली आहेत, सतत किंवा अधूनमधून, त्या वारसा मानाव्यात आणि शक्यतो जागच्या जागी राखाव्यात, असं तो सांगतो. ही व्याख्या वाचताना डोळ्यांसमोर मोठी जहाजं येतात. ती जुन्या विहिरीच्या तळालाही तंतोतंत लागू पडते.

पाणी

या जिल्ह्याखाली काळा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. त्यात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. विहीर याच पाण्यावर जगते. बोअर त्याखालच्या थरांत जाते, आणि एका शेतात ती खोल गेली की शेजारच्या विहिरीचे झरे मंदावतात. विहीर आटते, मग कचरा टाकायची जागा होते, मग ले-आऊटमध्ये सपाट होते. वर आलेल्या सगळ्या नोंदी पाण्याच्या भरवशावर आहेत. उत्तरेच्या समुद्रातलं थंड पाणी जहाजांना पुरून उरलं. आपल्या विहिरीचं पाणी तळातल्या वस्तूंच्या आधी संपत आहे.

आठवण

‘एरेबस’ शोधायला उपग्रह, जहाजं, ध्वनिलहरींची यंत्रं सगळं वापरलं. पण कुठे शोधायचं याचा माग होता तो तिथल्या इन्यूइट लोकांच्या तोंडी चालत आलेल्या आठवणींत. परक्यांचं मोठं जहाज बर्फात अडकलं, कोणत्या बाजूला बुडालं, हे पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं होतं. बाहेरच्यांनी ते मनावर घ्यायला फार वर्षं घेतली.

वाशीम जिल्ह्यात अशा आठवणी आहेत. कोणत्या विहिरीत बैलजोडी गेली, कोणत्या आडाला आतून कोनाडा आहे, कोणत्या बारवेच्या पाचव्या पायरीवर अक्षरं आहेत. सांगणारी माणसं म्हातारी झाली आहेत. ती गेली की ‘इथे विहीर होती’ हे वाक्यही जाईल.

बुजवण्याआधी

जुनी विहीर बुजवायची वेळ आलीच, तर आधी एवढं करावं. तिची खोली आणि रुंदी मोजावी. काठाच्या चिऱ्यांचे, खाचांचे, कोनाड्यांचे फोटो काढावेत. लेख असेल तर तो स्वच्छ धुऊन उतरवून घ्यावा. हवा तपासून, दोर बांधून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली गाळ थराथरानं काढावा, आणि निघालेल्या वस्तू मोडीत घालण्याआधी त्यांवरची नावं वाचावीत. गावातल्या सर्वांत जुन्या माणसाला काठावर बोलवावं आणि तो सांगेल ते लिहून घ्यावं. ही वही ग्रामपंचायतीत राहावी आणि शाळेत वाचली जावी.

याला समुद्र लागत नाही, महागडा पोशाख लागत नाही. जेसीबी येण्याआधीचे दोन दिवस लागतात. ज्या पाण्यानं शंभर वर्षं आपल्या वस्तू सांभाळल्या, त्याला तेवढी पोचपावती देणं आपल्यावर बंधनकारक आहे.